गच्चीपासून गडर लाईनपर्यंत : नागपूरच्या घरातलं पाणी कसं सांभाळावं

नागपूरच्या घरात चार तऱ्हेचं पाणी फिरतं. महापालिकेच्या नळाचं, गच्चीवर पडलेलं, न्हाणी-धुण्याचं आणि संडासचं. जुन्या वस्तीत अंगणातल्या विहिरीचं पाचवं. यातलं एक दुसऱ्याच्या वाटेत शिरलं की तक्रारी सुरू होतात. नळाला वास येतो, पावसाळ्यात तळमजल्याच्या मोरीतून गडरचं (सांडपाण्याच्या गटाराचं) पाणी वर येतं, विहिरीच्या पाण्याला फेस धरतो. म्हणून खालची सगळी कामं एकाच नियमाभोवती आहेत : प्रत्येक पाण्याला वेगळी वाट, आणि त्या वाटेवर त्याचं मोजमाप.

घराबाहेरची वाट थोडक्यात माहीत असावी. नळाचं पाणी येतं पेंच प्रकल्पातून आणि कन्हान नदीतून. घरातून निघालेलं पाणी गडर लाईनने किंवा नाल्याने नाग, पिवळी आणि पोहरा या नद्यांकडे उतरतं. नाग आणि पिवळी पुढे कन्हानला मिळतात, कन्हान वैनगंगेला, आणि शेवटी ते गोसीखुर्दच्या जलाशयात पोचतं. म्हणजे नागपूरच्या मोरीत ओतलेलं ऍसिड भंडाऱ्याकडच्या लोकांच्या वाट्याला जातं. मधे भांडेवाडीचं रोज २०० दशलक्ष लिटर क्षमतेचं मलजल शुद्धीकरण केंद्र आहे. तिथलं प्रक्रिया केलेलं पाणी कोराडी आणि खापरखेडा औष्णिक वीज केंद्रांना दिलं जातं, म्हणजे तेवढं धरणाचं पाणी पिण्यासाठी सुटतं. शहर मोठ्या प्रमाणावर जे करतं, तेच घर आणि सोसायटी छोट्या प्रमाणावर करू शकते.

आधी मीटर वाचा

गळती शोधण्याआधी कोणतंही नवं यंत्र घेऊ नका. मीटरवरचे काळे आकडे घनमीटर दाखवतात, म्हणजेच युनिट. एक युनिट म्हणजे १००० लिटर. लाल आकडे किंवा छोट्या तबकड्या लिटर दाखवतात. रात्री झोपताना गच्चीवरची टाकी आणि खालचं टाकं भरून घ्या, टाक्याचा इनलेट व्हॉल्व्ह बंद करा आणि मीटरचा फोटो काढा. सकाळी व्हॉल्व्ह उघडण्याआधी पुन्हा फोटो काढा. आकडा सरकला असेल तर गळती मीटर आणि टाक्याच्या मधे आहे, बहुधा जमिनीखालच्या जुन्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपात. आकडा तसाच असेल तर टाक्यात पट्टी बुडवून पातळी बघा. ३ बाय ४ मीटरच्या टाक्यात एक सेंटिमीटर पातळी उतरणं म्हणजे १२० लिटर पाणी गेलं. ते टाक्याच्या भेगेतून जातं की पंपाच्या सक्शन लाईनमधून (टाक्यातून पाणी ओढणाऱ्या पाइपातून), हे ओळखायला ती लाईन काढून दुसऱ्या रात्री तीच चाचणी पुन्हा करा.

संडासच्या फ्लश टाकीची गळती डोळ्यांना दिसत नाही, कारण पाणी भांड्याच्या मागच्या भिंतीवरून गुपचूप उतरतं. टाकीत निळीचे दहा-बारा थेंब टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात निळी छटा आली तर तळाचं रबर वॉशर बदला. ठिबकणाऱ्या नळाखाली पेला ठेवा. दहा मिनिटांत पाव लिटर जमलं तर दिवसाला ३६ लिटर वाहतं.

माणशी दिवसाला १३५ लिटरचं जे प्रमाण धरतात, त्याची रूढ फोड अशी : आंघोळ ५५, फ्लश ३०, कपडे २०, भांडी १०, घर पुसणं-धुणं १०, स्वयंपाक ५, पिणं ५. यात बचतीची जागा कुठे आहे हे उघड आहे. पेल्यात अर्धंच पाणी घ्या वगैरे सल्ला छान वाटतो, पण त्याने पाच लिटरांतले दोन वाचतील. शॉवरखाली १५ लिटरची बादली ठेवून ती किती वेळात भरते ते बघा. दीड मिनिटाच्या आत भरली तर शॉवर मिनिटाला दहा लिटरहून जास्त सोडतोय. त्याला फ्लो रिस्ट्रिक्टर (धार आवळणारी चकती) आणि वॉशबेसिनच्या नळाला एअरेटर (धारेत हवा मिसळणारी जाळी) बसवा. गच्चीवरच्या टाकीला ती भरली की पंप बंद करणारा लेव्हल स्विच बसवणं तर सगळ्यात आधी, कारण नळाच्या थेंबांनी महिनाभरात जेवढं जातं तेवढं ओसंडणारी टाकी एका सकाळी सांडते.

टुल्लू पंप

नळाला थेट टुल्लू लावणं बेकायदेशीर आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याचा आरोग्याशी काय संबंध, हे कमी जणांना माहीत असतं. पाइपात दाब असतो तोवर सांध्याच्या भेगेतून पाणी बाहेर येतं. टुल्लूने ओढलं की पाइपात निर्वात तयार होतो आणि त्याच भेगेतून बाहेरचं आत शिरतं. गल्लीत नळाची लाईन आणि गडर चेंबर हातभर अंतरावर असतील तर आत काय येतं ते सांगायला नको. उन्हाळ्यात नळाचं पहिलं पाणी गढूळ किंवा वासाचं येत असेल तर गल्लीतल्या टुल्लूंकडे आधी बघा. पाणी कमी दाबाने येत असेल तर उपाय एकच : जमिनीच्या पातळीवर किंवा खाली टाकं बांधा, नळाचं पाणी त्यात आपोआप पडू द्या, आणि पंप टाक्यातून वर चढवू द्या. टाक्याचं झाकण फरशीपेक्षा १५ ते २० सेंटिमीटर उंच असावं आणि ते गडर चेंबरच्या शेजारी नसावं. पुढच्या मोकळ्या जागेत दोन्ही एकमेकांना चिकटून बांधलेले असतात, ही नागपुरी ले-आऊटची जुनी खोड आहे.

टाक्यात पुराचं किंवा गडरचं पाणी शिरलंच, तर फक्त उपसून चालत नाही. टाकं रिकामं करा, भिंती घासा, पुन्हा भरा आणि दर १००० लिटरला १५० ग्रॅम ब्लीचिंग पावडर घाला. पावडर ताजी हवी, ३३ टक्के क्लोरीनची. ती बादलीत कालवून निवळी तेवढी ओता. बारा तास ठेवून सगळं पाणी सोडून द्या, मगच नळाचं पाणी घ्या.

गच्चीचं पाणी विहिरीत

नागपुरात वर्षाला साधारण १००० ते ११०० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. हिशेब सोपा आहे. गच्चीचे चौरस मीटर गुणिले पावसाचे मिलिमीटर म्हणजे लिटर, त्यातले वीस टक्के वजा. २०० चौरस मीटरच्या गच्चीवरून हंगामात दीड लाख लिटरहून जास्त पाणी मिळतं. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडावरच्या बांधकामाला पावसाचं पाणी साठवण्याची किंवा मुरवण्याची व्यवस्था सक्तीची आहे. नकाशा मंजूर करून घेण्यापुरता खणलेला खड्डा आणि खरंच चालणारी व्यवस्था यांत मात्र फरक पडतो, आणि तो मातीमुळे पडतो.

शहराच्या पश्चिमेला बसाल्टचा खडक आहे, पूर्वेकडे ग्रॅनाइटच्या जातीचा जुना नाईस. बसाल्टवर बऱ्याच ठिकाणी काळी माती असते. ओली झाली की ती फुगते आणि पाणी खाली जाऊ देत नाही. मीटर-दीड मीटर खड्डा खणून त्यात गिट्टी भरली आणि तळ काळ्या मातीतच राहिला, तर पहिल्या जोरदार पावसात त्याचं डबकं होतं आणि पुढे डासांची पैदास. खड्डा मुरमापर्यंत किंवा फुटलेल्या कच्च्या खडकापर्यंत नेला तरच पाणी मुरतं. अंगणात जुनी विहीर असेल तर प्रश्नच मिटतो, कारण ती आधीच त्या थरापर्यंत पोचलेली असते. महाल, इतवारी, धरमपेठ या भागांत अशा विहिरी आहेत आणि त्यातल्या काही कचरा टाकून बुजवल्या जातात. नवीन बोअर मारण्याआधी जुनी विहीर उपसून बघावी.

काम मे महिन्यात, नवतपा (मेअखेरचे सगळ्यात तापाचे नऊ दिवस) लागण्याच्या आत सुरू करावं. क्रम असा :

१. गच्ची झाडून-धुऊन घ्या. गच्चीवर कबुतरखाना, कुत्रा किंवा कूलरचा सांडवा असेल तर तो भाग वगळा. प्रत्येक निकासावर घुमटाकार जाळी बसवा. सपाट जाळी पिंपळाच्या दोन पानांनी बंद होते.

२. उतरत्या पाइपांची संख्या मोजा. तासाला १०० मिलिमीटरचा पाऊस धरला तर १०० मिलिमीटर व्यासाचा एक पाइप साधारण ४० चौरस मीटर गच्चीला पुरतो. २०० चौरस मीटरला असे पाच हवेत. दोनच असतील तर पाणी गच्चीवर तुंबेल आणि स्लॅब गळेल, आणि दोष जलसंचयाला दिला जाईल.

३. पाइप जमिनीपासून हातभर उंचीवर असतानाच टी (तीन तोंडांचा सांधा) बसवून खाली बॉल व्हॉल्व्ह द्या. मृगाच्या पहिल्या दोन दमदार सरींचं पाणी या व्हॉल्व्हमधून नालीत सोडायचं. नंतर आठवडाभर उघाड पडली की पुढच्या सरीची पहिली दहा मिनिटंही तशीच. बाजारात तीन मीटरचा उभा पाइप ‘फर्स्ट फ्लश’ म्हणून मिळतो. त्यात २५ लिटर मावतात. ४० चौरस मीटरवरची पहिल्या दोन मिलिमीटरची घाण म्हणजे ८० लिटर. व्हॉल्व्ह हाताने उघडावा लागतो हे खरं, पण तो पुरा पडतो.

४. सगळे पाइप जोडून एका गाळण टाकीत आणा. २०० चौरस मीटरसाठी आतून दीड मीटर लांब, एक मीटर रुंद आणि सव्वा मीटर खोल विटांची टाकी पुरते. तळाला छिद्रं पाडलेला ११० मिलिमीटरचा पाइप आडवा ठेवा. त्यावर ३० सेंटिमीटर ४० मिलिमीटरची गिट्टी, मग २० सेंटिमीटर २० मिलिमीटरची, मग १० सेंटिमीटर बारीक गिट्टी. त्यावर नायलॉनची जाळी, आणि वर २५ सेंटिमीटर जाड, धुतलेली रेती. वरची ४० सेंटिमीटर जागा मोकळी. एकूण गिट्टी ब्रासच्या (१०० घनफुटांच्या) तिसऱ्या हिश्श्याइतकी लागते, रेती साधारण १३ घनफूट. गिट्टी धुऊनच टाका. धूळ तशीच गेली तर ती पहिल्याच पावसात विहिरीत उतरते आणि पाणी पांढरट दिसतं.

५. गाळण टाकीला वरच्या कडेखाली ओव्हरफ्लो द्या आणि तो पावसाळी नालीत सोडा, गडरमध्ये नको.

६. गाळलेलं पाणी विहिरीत वरून धबधब्यासारखं पडू देऊ नका. त्याने तळाचा गाळ ढवळतो आणि काठाची बांधणी सुटते. पाइप आत उतरवून पाण्याखाली न्या, तळापासून अर्धा मीटर वर ठेवा आणि टोकाला वर वळलेला बेंड लावा.

जाळीवरच्या रेतीचा वरचा चार-पाच सेंटिमीटरचा थर पोळ्याच्या सुमाराला खरवडून धुवा. तो चिकट झाला की पाणी मुरण्याऐवजी ओव्हरफ्लोतून निघून जातं, आणि बाहेरून पाहणाऱ्याला सगळं ठीक चाललंय असं वाटतं. वर्षाअखेर सगळी टाकी उपसून भरायची.

पावसाळ्याच्या उत्तरार्धात पुष्कळ विहिरी जमिनीच्या जवळपास भरतात. पाणी काठापासून दीड-दोन मीटरवर आलं की व्हॉल्व्ह उघडून गच्चीचं पाणी बाहेर सोडा, नाहीतर शेजाऱ्याच्या तळघरात पाझर फुटेल. इथला खडक भेगांपुरतंच पाणी धरतो. तुम्ही मुरवलेलं पाणी चार घरांच्या विहिरींत वाटलं जातं, तुमच्या नावावर जमा होत नाही. म्हणून एकट्याने करण्यापेक्षा गल्लीने मिळून केलेलं काम जास्त फळतं. आणि नळाचं पाणी थेट वाचवायचं असेल तर पाच-दहा हजार लिटरची एक टाकी गाळलेल्या पावसाच्या पाण्यासाठी वेगळी ठेवा. चार महिने धुणं-फ्लश तिच्यावर निघतं.

विहीर निर्जंतुक करायची तर आधी पाणी मोजा : व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली गुणिले ०.७८५, हे घनमीटर. तीन मीटर व्यास आणि पाच मीटर पाणी म्हणजे सुमारे ३५ हजार लिटर. नेहमीसाठी दर १००० लिटरला अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर, म्हणजे इथे ८८ ग्रॅम. संध्याकाळी घाला, सकाळी वापरा. एवढं करूनही विहिरीचं पाणी पिण्यासाठी धरू नका. जमिनीखालची कुठली गडर लाईन कुठे फुटली आहे ते विहिरीला ठाऊक, आपल्याला नाही. फ्लश, कूलर, गाडी, झाडं एवढ्यासाठी ते उत्तम.

गाळ काढायला माणूस विहिरीत उतरवण्याआधी ब्लोअरने हवा सोडा, दोर बांधा, वर दोघे ठेवा. डिझेल किंवा पेट्रोल पंप विहिरीच्या आत कधीही चालवू नये. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड काही मिनिटांत माणूस मारतो.

गच्चीचं पाणी थेट बोअरमध्ये सोडणं मात्र टाळावं. बोअर खोल थरापर्यंत जातो. घाण गेली तर तिथून ती उपसून काढता येत नाही.

कूलर

एप्रिल-मे मध्ये नागपूरच्या घरात आंघोळीनंतर सगळ्यात जास्त पाणी कूलर पितो. तुमचा किती पितो ते मोजा : टाकी भरून आत खडूने रेघ मारा, तासभर चालवा, जेवढं कमी झालं तेवढं मापाच्या भांड्याने भरा. मागची खिडकी उघडी आणि समोर हवा जायला वाट असेल तर कमी वेळ चालवूनही खोली थंड होते. बंद खोलीत चालवलेला कूलर फक्त दमटपणा वाढवतो.

खरी नासाडी फ्लोट व्हॉल्व्हमुळे होते. तो क्षाराने अडकला की रात्रभर सज्जावरून धार लागते. हंगामाच्या सुरुवातीला व्हॉल्व्ह व्हिनेगरमध्ये भिजवून घासा, आणि ओव्हरफ्लोचा पाइप अशा जागी सोडा जिथे पाणी पडलेलं दिसेल. विहिरीचं पाणी वापरत असाल तर टाकीत क्षार साठत जातात आणि खसच्या ताट्या कडक होतात. म्हणून आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करा. ते पाणी खारट झालेलं असतं, कुंड्यांना घालू नका. संडासात किंवा अंगण धुवायला वापरा. टाकी नुसती कोरडी करून भागत नाही, भिंती घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेवर चिकटतात आणि महिनोन्महिने कोरडी राहूनही पुढच्या पाण्यात फुटतात.

गडर लाईन आणि पावसाळी नाली

गच्चीचा पाइप सोयीसाठी गडर चेंबरमध्ये सोडलेला असतो. त्याने काय होतं ते आकड्यांत बघा. दहा फ्लॅटच्या इमारतीत ५० माणसं धरली तर दिवसाचं सांडपाणी सुमारे ५४०० लिटर. त्याच इमारतीच्या २०० चौरस मीटर गच्चीवर तासाला ६० मिलिमीटरचा पाऊस आला तर एका तासात दहा हजार लिटर. म्हणजे दोन दिवसांचं गडर एका तासात, तेही गल्लीतल्या प्रत्येक घरातून. दीडशे-दोनशे मिलिमीटरची लाईन त्याला पुरी पडणं शक्यच नाही. मग ते सगळ्यात खालच्या घराच्या मोरीतून वर येतं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडून अंबाझरी तलाव ओसंडला. नाग नदीकाठच्या वस्त्यांत त्या दिवशी शिरलेलं पाणी निव्वळ पावसाचं नव्हतं. तुंबल्यावर रस्त्यावरच्या चेंबरचं झाकण काढून पाणी आत ढकलणं हा अजून एक आवडता उपाय. त्यात प्लास्टिक आणि गाळ आत जाऊन लाईन पुढच्या उन्हाळ्यापर्यंत अर्धी बंद होते, आणि उघड्या चेंबरमध्ये माणूस पडतो तो वेगळाच.

तपासायची रीत : गच्चीच्या निकासात बादलीभर निळीचं पाणी ओता आणि अंगणातलं गडर चेंबर उघडून बघा. निळं पाणी दिसलं तर पाइप तोडून नालीकडे किंवा गाळण टाकीकडे वळवा. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी घराच्या शेवटच्या चेंबरमध्ये पाणी उलट येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवावा. त्याची झडप महिन्यातून एकदा उघडून केस-चिंध्या काढाव्या लागतात. अडकलेली झडप नसल्यासारखीच. घरातल्या १०० मिलिमीटरच्या लाईनला ४० ला १ आणि १५० मिलिमीटरच्या लाईनला ६० ला १ उतार ठेवा. चेंबरचा तळ सपाट न ठेवता अर्धगोल पन्हळ करून दोन्ही बाजूंना उतार द्या. सपाट तळावर मैला बसतो आणि दर दोन महिन्यांनी बांबू घालावा लागतो.

जिथे गडर लाईन पोचलेली नाही

बेसा, हुडकेश्वर, वाडीकडच्या ले-आऊटमध्ये प्लॉट आधी विकले जातात, गडर नंतर येते. तिथे सेप्टिक टँक. दहा माणसांसाठी आतून २ मीटर लांब, ०.९ मीटर रुंद, पाण्याची खोली १.४ मीटर आणि वर ३० सेंटिमीटर मोकळी जागा ठेवली की दोन-तीन वर्षांतून एकदा उपसावा लागतो. पावसाचं आणि आंघोळीचं पाणी त्यात सोडू नका. पाणी वाढलं की मैला बसायला वेळ मिळत नाही आणि तो तसाच पुढे जातो.

टँकनंतरचा शोषखड्डा काळ्या मातीत फसतो. खोदण्याआधी परीक्षा घ्या. ठरलेल्या खोलीवर ३० सेंटिमीटरचा छोटा खड्डा करून रात्रभर पाणी भरून ठेवा. दुसऱ्या दिवशी १५ सेंटिमीटर पाणी भरा आणि २५ मिलिमीटर उतरायला किती वेळ लागतो ते बघा. अर्ध्या तासाच्या आत उतरलं तर शोषखड्डा चालेल. अर्धा तास ते तासभर लागला तर खड्ड्याऐवजी लांब चर काढा. तासाहून जास्त लागला तर मुरवण्याचा नाद सोडून पाण्यावर वर प्रक्रिया करा. विहिरीपासून किमान १८ मीटर अंतर हवं, आणि फुटक्या बसाल्टात त्याहून जास्त ठेवलेलं बरं, कारण भेगेतून पाणी गाळलं जात नाही, नुसतं धावतं.

टँक उपसायला मशीनची गाडीच बोलवा. माणूस आत उतरवणं हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

न्हाणी-धुण्याचं पाणी

मोकळी जागा असलेल्या घराला सगळ्यात सोपी प्रक्रिया म्हणजे झाडं लावलेला गिट्टीचा वाफा. नागपूरच्याच नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केलेलं फायटोरिड तंत्र याच तत्त्वावर मोठ्या प्रमाणात चालतं. पाच माणसांच्या आंघोळीचं आणि कपड्यांचं पाणी दिवसाला ३७५ लिटर धरा. आधी १०० लिटरचा एक कप्पा ठेवा, त्यात साबणाचा तवंग आणि केस अडकतील. पुढे ४ मीटर लांब, १ मीटर रुंद, ६० सेंटिमीटर खोल वाफा. तळाला आणि बाजूंना सिल्पॉलिन (जाड प्लास्टिकचं कापड), त्यावर २० मिलिमीटरची गिट्टी. गिट्टीतल्या पोकळीत सुमारे ९६० लिटर मावतात, म्हणजे पाणी अडीच दिवस आत राहतं. कर्दळ आणि पाणकणीस लावा. निकासाचा पाइप असा ठेवा की पाणी गिट्टीच्या पृष्ठभागाखाली पाच सेंटिमीटर राहील. वर दिसलं की डास आलेच. गिट्टीच्या सुरुवातीचा अर्धा मीटर वर्षातून एकदा काढून धुवा, तिथेच ती बुजते.

निघालेलं पाणी केळी, पपई, फुलझाडांना द्या. कोथिंबीर-पालक नको. धुण्याच्या पावडरमधला सोडियम काळ्या मातीला आणखी घट्ट करतो, म्हणून एकाच वाफ्याला सतत न देता जागा बदला आणि पावसाळ्यात तो वाफा चांगला धुऊन निघू द्या. स्वयंपाकघरातलं पाणी या वाफ्यात सोडू नये, तेलाने गिट्टी बसते.

सोसायटीचा एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरणाचा प्लांट)

१०० फ्लॅट, घरटी पाच माणसं, माणशी १३५ लिटर, त्यातलं ८० टक्के सांडपाणी : ५४ हजार लिटर. म्हणजे रोज ६० हजार लिटरचा प्लांट लागतो. सोसायटी अर्धी भरलेली असताना प्लांट पूर्ण क्षमतेने चालवला तर जिवाणूंना खाणं पुरत नाही आणि पाणी गढूळच राहतं. सुरुवातीला दोनपैकी एकच एरेशन टाकी (हवा सोडून जिवाणू वाढवण्याची) चालवा आणि जवळच्या चालू एसटीपीतून टँकरभर गाळ विरजणासारखा आणून टाका.

बहुतेक प्लांट एकाच कारणाने बिघडतात. वीजबिल वाचवायला रात्री हवा सोडणारा ब्लोअर बंद ठेवला जातो. ऑक्सिजनवर जगणारे जिवाणू काही तासांत मरू लागतात, सकाळी कुजका वास येतो, मग वासाच्या तक्रारीवरून प्लांटच बंद होतो. दोन ब्लोअर आलटून-पालटून चालवा, पण एक कायम चालू हवा. समतोल टाकीतही (येणारं सांडपाणी आधी जिथे जमा होतं तिथेही) हवा सोडावी लागते, नाहीतर तीच सडते.

रोजची परीक्षा साधी आहे. एरेशन टाकीतलं पाणी एक लिटरच्या मोजपात्रात घेऊन अर्धा तास स्थिर ठेवा. गाळ २५० ते ४०० मिलिलिटरच्या रेषेपर्यंत बसायला हवा. कमी असेल तर गाळ परत फिरवण्याचं प्रमाण वाढवा. जास्त असेल तर गाळ काढून वाळवण वाफ्यावर किंवा फिल्टर प्रेसकडे न्या. गाळ न काढता महिनोन्महिने चालवला की तो सेटलिंग टाकीत (गाळ खाली बसवण्याच्या टाकीत) वर तरंगतो आणि पुढचे रेती-कोळशाचे फिल्टर बुजतात. पांढरा हलका फेस प्लांट नवा असल्याचं लक्षण. चिकट तपकिरी फेस आला तर गाळ जुना झालाय किंवा तेल येतंय. स्वयंपाकघराच्या लाईनवर तेल अडवणारा ऑइल ट्रॅप ठेवून तो दर आठवड्याला रिकामा करा. फिनाईल आणि संडास धुण्याचं ऍसिड बाटलीच्या बाटली ओतणाऱ्या घरांना नोटीस द्या. दिवाळीच्या साफसफाईत प्लांट मरतो तो याच कारणाने.

निर्जंतुकीकरणासाठी ५० हजार लिटरला १० टक्के सोडियम हायपोक्लोराइट अडीच लिटर. फ्लशच्या टाकीत शिल्लक क्लोरीन लिटरला अर्धा ते एक मिलिग्रॅम दिसला पाहिजे. नागपूरच्या उन्हात हायपो लवकर कमजोर होतं. कॅन सावलीत ठेवा आणि महिन्याहून जास्त साठा करू नका. तीन महिन्यांचा कॅन एकदम घेतला की पैसे वाचतात आणि जंतूही.

निघणाऱ्या पाण्याचा हिशेब आधीच मांडा. ५०० माणसांच्या फ्लशला माणशी ४५ लिटर धरले तरी साडेबावीस हजार. दोन हजार चौरस मीटर बागेला उन्हाळ्यात चौरस मीटरला पाच लिटर म्हणजे दहा हजार. बाकी वीस-एकवीस हजार लिटर रोज उरतात, आणि पावसाळ्यात बाग काहीच पीत नाही. ‘एक थेंबही बाहेर जाणार नाही’ असं बिल्डर सांगतो तेव्हा हे गणित त्याच्यापुढे ठेवा. उरलेलं स्वच्छ पाणी गडरमध्ये सोडायची वाट मंजूर करून घ्या किंवा शेजारच्या बांधकामाला द्या.

प्रक्रिया केलेल्या पाण्याची लाईन वेगळ्या रंगाची, गच्चीवरची टाकी वेगळी, आणि ताबा देण्याआधी जोडणी तपासलेली हवी. गच्चीवरचा पिण्याच्या पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, एसटीपीचा चालू ठेवा आणि प्रत्येक फ्लॅटमधला स्वयंपाकघराचा नळ उघडून बघा. लाईनमधलं उरलेलं पाणी संपल्यावरही एखाद्या नळाला धार लागली, तर त्या घरात प्लंबरने दोन लाईनी जोडल्या आहेत. मग उलट करा : एसटीपीचा बंद, पिण्याचा चालू, आणि सगळे फ्लश दाबा. लाईनमधलं पाणी संपल्यावरही फ्लशची टाकी भरत राहिली तर तिथेही जोड आहे. स्वयंपाकघरात किंवा न्हाणीत प्लंबरचं काही काम झालं की त्या फ्लॅटपुरती ही चाचणी पुन्हा घ्या. गच्चीवरची चावी त्यासाठी वॉचमनकडे न ठेवता कमिटीकडे ठेवा.